ट्रॅक नसलेल्या शहराचा शर्यतपटू : जेहान दारूवाला

१/
६ डिसेंबर २०२०. बहारीनमधील साखिरचा गतिमार्ग. त्या दिवशी तेथे दोन महत्त्वाच्या शर्यती झाल्या. फॉर्म्युला टू शर्यतीत मुंबईचा बावीस वर्षांचा जेहान दारूवाला प्रथम आला. या स्पर्धेत शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याच दिवशी फॉर्म्युला वनमध्ये सर्जिओ पेरेझने कारकिर्दीतील पहिला विजय मिळवला. त्याचा संघ होता रेसिंग पॉइंट.

२/
या दोन विजयांमध्ये एक नाते आहे. रेसिंग पॉइंट हा संघ म्हणजे पूर्वाश्रमीचा ‘फोर्स इंडिया’. याच फोर्स इंडियाने २०११ मध्ये भारतभरातून होतकरू मुले निवडली, त्यांत जेहान होता. तो फॉर्म्युला टूमध्ये जिंकला तोवर संघाच्या नावातून ‘इंडिया’ हा शब्द नाहीसा झालेला होता. मधल्या नऊ वर्षांचा आणि त्यांच्या मागेपुढे पसरलेल्या इतिहासाचा हा धागा.

३/
खेळाडूची कथा बहुधा जिद्द, घाम आणि स्वप्न या तीन शब्दांत सांगितली जाते. इतिहासाचे प्रश्न थोडे निराळे असतात. मैदान कुणी बांधले? खर्च कुणी केला? नियम कुठे ठरले? शर्यतपटूच्या बाबतीत हे प्रश्न टाळता येत नाहीत, कारण मोटार शर्यत हा साधनांवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या खेळांपैकी एक आहे. हे समजून घेण्यासाठी सुरुवात करी रोडपासून करू.

४/
करी रोड हे नाव चार्ल्स करी या एकोणिसाव्या शतकातील रेल्वे अधिकाऱ्याचे. ते बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे एजंट होते. आज मध्य रेल्वेवर चिंचपोकळी आणि परळ यांच्यामध्ये असलेल्या या स्थानकाविषयी एक आठवण हमखास सांगितली जाते. शर्यतीचे घोडे मुंबई-पुणे असे नेण्या-आणण्याची सोय या स्थानकावर होती, अशी ती आठवण.

५/
घोडे का हलवावे लागत? मुंबईचा शर्यतीचा मोसम हिवाळ्यातला आणि पुण्याचा पावसाळ्यातला, म्हणून. करी रोडच्या पश्चिमेला महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासून उभे आहे. त्याच्याभोवती तबेले, पशुवैद्य, प्रशिक्षक, मोतद्दार, नाल ठोकणारे आणि उमेदवार जॉकी यांचे एक संपूर्ण जग निर्माण झाले. घोडा अडीच मिनिटे धावतो. त्या अडीच मिनिटांसाठी या शहराने पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी व्यवस्था उभारली.

६/
आता मोटारीकडे वळू. मुंबईत मोटार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. वेगाची हौसही तिच्याबरोबरच आली. जे. आर. डी. टाटा तरुणपणी बुगाटी चालवत. एका अपघाताच्या प्रकरणात त्यांना जॅक विकाजी या वकिलांकडे जावे लागले, आणि त्या ओळखीतून त्यांची विकाजींची पुतणी थेल्मा हिच्याशी भेट झाली. १९३० मध्ये दोघांचा विवाह झाला. किस्सा सुरस आहे, पण त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटू नये. वेगाची हौस भागवण्यासाठी मुंबईकराकडे सार्वजनिक रस्त्याखेरीज दुसरी जागा नव्हती.

७/
पुढेही चित्र फारसे पालटले नाही. १९८० मध्ये मुंबईच्या नाझीर हुसेन यांच्या पुढाकाराने ‘हिमालयन रॅली’ सुरू झाली आणि परदेशी चालक भारतात येऊ लागले. परंतु रॅली ही अस्तित्वात असलेल्या रस्त्यांवर घेतली जाते. बंदिस्त गतिमार्गावरची शर्यत ही वेगळी विद्या. तिथे तोच रस्ता, तीच वळणे पुन्हापुन्हा घ्यायची असतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवायचा असतो. त्यासाठी कायमचा ट्रॅक लागतो. मुंबईने तो कधी बांधला नाही.

८/
तो दक्षिणेत होता. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ ची. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर अनेक दशके शर्यती झाल्या आणि पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ कायमचा गतिमार्ग तयार झाला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून ‘फॉर्म्युला मारुती’ ही स्वस्त, एकआसनी शर्यतगाडी घडवली. कोइमतूरचा ‘करी मोटर स्पीडवे’ त्यांच्याच नावाचा. त्या ‘करी’चा आपल्या करी रोडशी काही संबंध नाही. नावांचे साम्य मात्र मजेशीर आहे.

९/
या मातीतून नारायण कार्तिकेयन आला. त्याचे वडील स्वतः राष्ट्रीय रॅली विजेते होते. फॉर्म्युला मारुतीत हात बसला, १९९२ मध्ये तो फ्रान्समधील एल्फ-विनफिल्ड शर्यतशाळेत गेला, १९९४ मध्ये ब्रिटनमधील फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका त्याने जिंकली आणि १९९६ मध्ये फॉर्म्युला एशियाचे विजेतेपद मिळवले. २००५ मध्ये जॉर्डन संघातर्फे तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला. तो पहिला भारतीय. त्याच वर्षी अमेरिकेतील शर्यतीत, टायरच्या वादामुळे केवळ सहा गाड्या धावल्या असताना, तो चौथा आला.

१०/
नारायणची कारकीर्द एक गोष्ट सिद्ध करते. घरात विद्या, जवळ गतिमार्ग आणि देशात स्वस्त शर्यतगाडी असूनही त्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षी युरोप गाठावे लागले. मग जिथे या तीनांपैकी गतिमार्गच नाही, त्या शहरातील मुलाने काय करावे?

११/
जेहान दारूवाला याचा जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा, मुंबईतील पारशी कुटुंबातला. नारायण फॉर्म्युला वनमध्ये उतरला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वडील खुर्शीद दारूवाला हे उद्योजक. हा उल्लेख आवश्यक आहे. मोटार शर्यतीच्या खालच्या पायऱ्यांवर संघ चालकाला पैसे देत नाही. गाडी, टायर, तंत्रज्ञ, प्रवास आणि सराव यांचा खर्च बहुतेक वेळा चालकाचे कुटुंब किंवा पुरस्कर्ते संघाला देतात. हा उंबरठा ओलांडणे बहुसंख्य भारतीय मुलांना शक्य नसते. जेहानला ते शक्य झाले, हे सांगितल्याने त्याचे कौशल्य कमी होत नाही. चित्र मात्र पुरे होते.

१२/
या खेळाची बाराखडी म्हणजे कार्टिंग. कार्ट ही जमिनीला जवळजवळ टेकलेली, स्प्रिंगविरहित, छोटी गाडी. रस्त्याचा प्रत्येक खडा चालकाच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. वळणात गाडी नेमकी कधी सुटू लागते, हे शरीराला कळते ते इथेच. युरोपातील मुले सातव्या-आठव्या वर्षी कार्टमध्ये बसतात. जेहानने गंभीरपणे सुरुवात केली तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता. मुंबईचेच माजी राष्ट्रीय विजेते रायोमंड बानाजी हे त्याचे मार्गदर्शक. म्हणजे शर्यतीच्या आरंभरेषेवर पोहोचण्याआधीच तो चार-पाच वर्षे मागे होता.

१३/
महाराष्ट्रात कार्टिंगची परंपरा अगदीच नव्हती असे नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तेथे झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. कुस्तीच्या तालमी जपणाऱ्या शहराने कार्टिंगलाही जागा करून दिली. त्याच काळात गिरणगावात मात्र कार्टिंग पोहोचले ते करमणूक म्हणून. लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात तिकीट काढून चार फेऱ्या मारता येऊ लागल्या.

१४/
२०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने ‘वन फ्रॉम अ बिलियन’ ही शोधमोहीम घेतली. शंभर कोटींतून एक, अशी तिची घोषणा. अखेरीस तिघांची निवड झाली : जेहान दारूवाला, अर्जुन मैनी आणि तरुण रेड्डी. वर्षही शुभ भासत होते. त्याच ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय गतिमार्गावर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. संघ आपला, ट्रॅक आपला, आता चालकही आपले घडतील, अशी ती उमेद होती.

१५/
जेहानने ती उमेद खरी करून दाखवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये आशिया-पॅसिफिक केएफ३ कार्टिंग विजेतेपद. २०१३ मध्ये ब्रिटनची केएफ३ मालिका. २०१४ मध्ये केएफ गटाच्या जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक. त्या जागतिक स्पर्धेचा विजेता होता लँडो नॉरिस. उशिरा सुरुवात केलेला मुंबईकर तीन वर्षांत अशा मुलांच्या पंक्तीत जाऊन बसला.

१६/
कार्टनंतर शिडी सुरू होते : फॉर्म्युला रेनॉ, मग फॉर्म्युला थ्री, मग टू, आणि शेवटी वन. प्रत्येक पायरीवर गाडी अधिक वेगवान, खर्च अनेक पटींनी मोठा आणि जागा कमी. २०१५ आणि २०१६ ही वर्षे जेहानने फॉर्म्युला रेनॉत घालवली. युरोपातील थंडीच्या सुट्टीत तो न्यूझीलंडला जाऊन शर्यती करी. २०१७ मध्ये तिथेच त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. १९५० पासून चालत आलेल्या या शर्यतीच्या विजेत्यांत स्टर्लिंग मॉस, जॅक ब्रॅबहॅम, ब्रूस मॅक्लारेन आणि जॅकी स्ट्युअर्ट यांची नावे आहेत. त्या यादीत दारूवाला हे आडनाव कोरले गेले.

१७/
त्याच वर्षी युरोपीय फॉर्म्युला थ्रीमध्ये, जर्मनीतील नोरिसरिंग येथे, तो विजयी झाला. त्या स्पर्धेत शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. त्याच्याच कार्लिन संघातील नॉरिस त्या वर्षी मालिकेचा विजेता ठरला आणि दोन वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये गेला. समान गाडीतील सहकारी हा शर्यतपटूचा सर्वांत कठोर मापदंड मानला जातो. जेहानच्या वाट्याला हा मापदंड नेहमीच असामान्य उंचीचा आला.

१८/
इकडे मायदेशी उभारलेले एकेक खांब कोसळत होते. बुद्ध गतिमार्गावर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या. तिन्ही सेबॅस्टियन फेटेलने जिंकल्या. मनोरंजन कर आणि आयात शुल्क यांच्या वादांत चौथी शर्यत झालीच नाही. ही स्पर्धा खेळ आहे की करमणूक, हा त्या वादाचा गाभा होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वनच्या आयोजक कंपनीस भारतात प्राप्तिकर लागू होतो असा निर्णय दिला. २०१८ च्या जुलैत फोर्स इंडिया संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि नव्या मालकांच्या हाती पडला. ज्या घराने मुलाला हेरले, ते घरच विकले गेले.

१९/
जेहान पुढे चालत राहिला. २०१९ मध्ये तो इटलीच्या प्रेमा संघात गेला. फॉर्म्युला थ्रीमध्ये त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक प्रेमाच्याच चालकांनी पटकावले : रॉबर्ट श्वार्ट्समन, मार्कस आर्मस्ट्राँग आणि जेहान दारूवाला. २०२० मध्ये रेड बुलने त्याला आपल्या युवा चालकांच्या योजनेत घेतले. याच योजनेतून फेटेल आणि मॅक्स व्हर्स्टापेन पुढे आले होते. फॉर्म्युला वनचे दार आता एका पायरीवर होते.

२०/
फॉर्म्युला टूमध्ये सर्व संघांची चासी, इंजिने आणि टायर सारखेच असतात. फरक पडतो तो गाडीच्या जुळणीने आणि टायर जपण्याच्या कलेने. पहिल्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत, साखिरला, जेहान जिंकला. २०२१ मध्ये मोंझा आणि अबू धाबी येथे विजय मिळाले. २०२२ मध्ये मोंझालाच त्याने मुख्य शर्यत जिंकली. त्या उन्हाळ्यात मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणीही त्याने सिल्व्हरस्टोनला घेतली. दोन्ही वर्षी गुणतक्त्यात मात्र त्याचा क्रमांक सातवा राहिला.

२१/
‘सातवा’ म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक नियम पाहावा लागतो. २०१५ मध्ये व्हर्स्टापेन सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये आला आणि नियामक संस्था सावध झाली. २०१६ पासून ‘सुपर लायसन्स’साठी किमान वय अठरा आणि तीन मोसमांत ४० गुण अशी अट आली. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना प्रत्येकी ४० गुण मिळतात. चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०. सातव्याला फक्त ८. तिसरा आणि सातवा यांच्यातले ट्रॅकवरचे अंतर कधी कधी सेकंदाच्या काही अंशांचे असते. कागदावर ते पाचपट होते.

२२/
आणि गुण म्हणजे जागा नव्हे. २०२० चा जेहानचा सहकारी युकी त्सुनोदा मालिकेत तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. गुणवत्ता त्याच्याकडे निर्विवाद होती, त्याच्यामागे होंडासारखी इंजिन बनवणारी कंपनीही होती. उलट २०२२ चा विजेता फेलिपे ड्रुगोविच याला विजेतेपदानंतरही कायमची जागा मिळाली नाही. जागा त्या वेळी अवघ्या वीस, आणि त्या रिकाम्या होणे चालकाच्या हातात नसते. जेहानबद्दल ‘थोडक्यात हुकले’ असे म्हणताना ही गर्दी ध्यानात ठेवायला हवी.

२३/
२०२३ नंतर त्याने वाट बदलली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत मुंबईच्याच महिंद्रा समूहाचा संघ २०१४ पासून आहे. जेहान आधी त्या संघाचा राखीव आणि चाचणी चालक झाला. प्रत्यक्ष शर्यतीची जागा त्याला २०२४ मध्ये मासेराती संघात मिळाली. २०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला फॉर्म्युला ईची शर्यत झाली होती, २०२४ मध्ये ती पुन्हा व्हायची होती. म्हणजे जेहान मायदेशी शर्यत करणार होता. जानेवारीत, मोसम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, हैदराबादची शर्यत रद्द झाली. त्या मोसमानंतर त्याची जागाही राहिली नाही.

२४/
बुद्ध गतिमार्ग, फोर्स इंडिया, हैदराबाद. या तीन घटनांत एकसारखेपणा आहे. प्रत्येक वेळी वरची मजल आधी बांधली गेली. भव्य उद्घाटन, मोठे पाहुणे, मोठी घोषणा. तळमजला, म्हणजे मुलांसाठी परवडणारे कार्टिंग ट्रॅक, प्रशिक्षक, तंत्रज्ञ आणि स्थिर कायदे, मागेच राहिला. महालक्ष्मीच्या घोड्यांसाठी क्रम उलटा होता. तेथे तबेला, मोतद्दार, रेल्वेचा डबा आणि मैदान यांची घडी बसली. १९४३ मध्ये इंडियन डर्बी सुरू झाली तेव्हा मैदान साठ वर्षांचे होते.

२५/
राजमान्यताही उशिराच आली. नारायणला २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. मोटार शर्यतीसाठीचा पहिला अर्जुन पुरस्कार मात्र रॅलीचालक गौरव गिलला २०१९ मध्ये मिळाला. तोवर या पुरस्काराला जवळजवळ साठ वर्षे झाली होती.

२६/
मग जेहानची कारकीर्द मोजायची कशी? फॉर्म्युला वनमध्ये गेला की नाही, या एकाच फूटपट्टीने मोजली तर उत्तर एका शब्दात संपते. सुरुवातीपासून मोजली तर वेगळे दिसते. गतिमार्ग नसलेल्या शहरातला, युरोपीय मुलांच्या मागे काही वर्षे निघालेला चालक कार्टिंगची विजेतेपदे मिळवतो, न्यूझीलंड ग्रां प्री जिंकतो आणि फॉर्म्युला टूमध्ये चार विजय नोंदवतो. त्याचे व्यक्तिगत श्रेय इथे आहे. उरलेल्या अंतराचा जाब एकट्या चालकाला विचारता येत नाही.

२७/
मे २०२५ मध्ये बेंगळुरूच्या कुश मैनीने मोनॅकोत फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, तिथे हा पराक्रम करणारा पहिला भारतीय म्हणून. साखिरला २०२० मध्ये उघडलेल्या वाटेवरचे हे पुढचे पाऊल. मुंबईत मात्र आजही एखाद्या बारा वर्षांच्या मुलाला शर्यतपटू व्हायचे असेल, तर त्याला सराव करण्यासाठी आधी शहर सोडावे लागते.

धागा समाप्त.